उन्हाच्या गावातले घर

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर मुद्द्यावर आला. "काका, तुम्ही स्पेनमध्ये पंधरा वर्षं काढलीत. आता खरं सांगा, तिकडे एखादं घर घेऊन ठेवावं का?"

पुतण्या कोथरूडला असतो. नोकरीची तीन वर्षे उरली आहेत, मुले मार्गी लागली आहेत, हाताशी थोडा पैसा आहे. कुठल्याशा मोठ्या हॉटेलात चहा-बिस्किटांसह झालेल्या एका सभेला तो सपत्नीक जाऊन आला होता. तिथे दाखवलेली चित्रे त्याने मला फोनवर पाठवली. पांढरी घरे, निळा तलाव, गॅलरीत दोन खुर्च्या, टेबलावर संत्र्यांची टोपली आणि खाली वाक्य, की वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस ऊन. आमच्या वेळी हेच चित्र गुळगुळीत कागदावर छापलेले असे. संत्रीसुद्धा तीच असावीत.

कायद्याचे जे मला ठाऊक होते ते मी त्याला लगेच सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी नेता येतात आणि त्यातून घरही घेता येते. पण घर घेतले म्हणजे तिथे राहायचा हक्क मिळाला, असे नाही. पाच लाख युरोंचे घर घेणाऱ्याला रहिवासाचा परवाना देण्याची पद्धत स्पेनने २०१३ मध्ये सुरू केली होती, ती ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. पोर्तुगालने घरखरेदीवरचा असा परवाना २०२३ मध्येच थांबवला. आता साध्या व्हिसावर जाणाऱ्याला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. स्वतःच्या घराला कुलूप लावून नव्वदाव्या दिवशी निघायचे.

"ते ठीक आहे हो," तो म्हणाला, "पण तुमचा अनुभव काय?"

अनुभव फोनवर सांगण्याजोगा नव्हता. म्हणून हे लिहायला बसलो.

मी मूळचा मिरजेचा. १९६५ मध्ये इंग्लंडात आलो आणि लेस्टरला कापडाच्या यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामाला लागलो. सौ. गुहागरची. ती चार वर्षांनी आली आणि पुढे तिथल्याच एका होजिअरीत बावीस वर्षे मोज्यांची शिलाई करत राहिली. लेस्टर हे तेव्हा मोज्यांचे गाव होते. त्या बावीस वर्षांनी तिच्या बोटांचे सांधे धरले, मग मनगटे, मग गुडघे. नोव्हेंबर उजाडला की तिला पोळीचे पीठ मळवत नसे. डॉक्टर म्हणत, उबदार हवेत बरे वाटेल. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असे ती म्हणे. गुहागरला गेली की आठ दिवसांत तिची बोटे मोकळी होत.

मग गुहागरलाच का गेलो नाही? हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. एक हिशेबी. इंग्लंडचे सरकारी निवृत्तिवेतन तुम्ही भारतात राहून घेऊ लागलात की ते त्या आकड्यावर गोठते. इंग्लंडात ते दरवर्षी वाढते, तसे ते वाढत नाही. स्पेनमध्ये राहिलात तर वाढते. वीस वर्षे जगायची उमेद असलेल्याला हा फरक लहान नाही. दुसरे उत्तर म्हणजे लेक. ती, जावई आणि दोन नातवंडे लेस्टरला. स्पेनचे अलिकांते शहर विमानाने अडीच तासांवर, तेही स्वस्त विमानाने. गुहागरला पोचायला तेव्हा दीड दिवस लागे. सौ. म्हणाली होती, "कोकण कुठे पळून जात नाही. नातवंडं मात्र मोठी होऊन जातील." मला ते पटले. शिवाय माझ्या मनात त्या पांढऱ्या घरांनी आधीच घर केले होते, हेही कबूल करायला हवे.

सप्टेंबर २००४ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही घर बघायला गेलो. अशा सहली तेव्हा घरे विकणारेच काढत. विमानाचे भाडे नाममात्र, हॉटेल त्यांचे, जेवण त्यांचे. चार दिवसांत अकरा घरे पाहिली. सकाळी नऊ वाजता एक हसतमुख तरुणी गाडी घेऊन दाराशी हजर होई आणि रात्री दहाला हॉटेलात सोडी. मधल्या वेळात आम्हांला एकटे म्हणून सोडले नाही. त्या वस्तीत आधीपासून राहणाऱ्या कुणाशी बोलावे, अशी संधीच आली नाही. तेव्हा आम्हांला तो पाहुणचार वाटला.

गाव होते तोरेव्हिएखा. अलिकांतेच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी. गावामागे दोन मोठी खारी सरोवरे आहेत, त्यांतले एक चक्क गुलाबी. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे त्याला तो रंग येतो. शेजारी मिठाचे पांढरे डोंगर. ते पाहून सौ. गाडीतच ओरडली, "अगं बाई, ही तर मिठागरं!" मुंबईला जाताना भाईंदरच्या खाडीशी दिसायची तशी. त्या एका ओळखीवर तिचे मन गावाला लागले.

घर पसंत पडले ते दोन खोल्यांचे, पहिल्या मजल्यावरचे. एकाच इमारतीत दोन घरे रिकामी होती. एकाचे तोंड दक्षिणेला, एकाचे उत्तरेला. दक्षिणेचे सहा हजार युरोंनी महाग. आता इथे मी काय केले ते नीट ऐका. माझ्या आईने लहानपणापासून शिकवले होते की दक्षिण ही यमाची दिशा. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, घराचे दार दक्षिणेला नसावे. मी काही असल्या गोष्टी मानणारा नव्हे. पण सहा हजार वाचत असतील तर न मानणारा माणूसही थोडा मानू लागतो. शिवाय आम्ही देशावरची माणसे. ऊन म्हणजे टाळायची गोष्ट. घर गार असावे, हवा खेळती असावी, ही आमची चांगल्या घराची कल्पना. संध्याकाळी सातला त्या उत्तरेच्या गॅलरीत उभे राहिलो, तर मावळतीचे सोनेरी ऊन कडेने कठड्यावर आले होते. खाली पोहण्याचा तलाव चमकत होता. मी म्हणालो, हेच.

सौ. म्हणाली, "अहो, पण आपण उन्हासाठीच आलो ना?"

मी म्हणालो, "अगं, इथे तीनशे दिवस ऊन आहे. कुठूनही येईल."

चाळीस वर्षे नकाशे काढण्यात घालवलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारले. तोरेव्हिएखा ३८ अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८-२९ अंश वर येतो. मिरजेत त्याच दिवशी तो पन्नासाच्या आसपास असतो. उत्तरेच्या खिडकीला ऑक्टोबर ते मार्च उन्हाचा कवडसा मिळणे शक्य नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो म्हणून मला तो सोन्याचा तुकडा दिसला होता. तीन आठवड्यांनी आलो असतो तर तोही दिसला नसता. एक कागद आणि पेन्सिल पुरली असती.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आम्ही बऱ्यापैकी सावध राहिलो आणि त्याचे श्रेय सौ.चे. विकणाऱ्यांनी आपला वकील सुचवला होता. ती म्हणाली, मुलीकडच्यांनी मुलाकडचा भटजी घेऊ नये. आम्ही अलिकांतेत वेगळा वकील गाठला. त्याने आधी परदेशी माणसाचा ओळख क्रमांक काढून दिला, कारण त्याशिवाय स्पेनमध्ये विजेचे मीटरही नावावर होत नाही. मग मालमत्ता नोंदणी कार्यालयातून 'नोता सिंप्ले' नावाचा उतारा आणला. हा त्यांचा सात-बारा समजा. मालक कोण, क्षेत्र किती, गहाण आहे का, सारे त्यात येते. तो पाहणे फार महत्त्वाचे, कारण तिथे घरावर चढवलेले कर्ज घराबरोबर जाते. आधीच्या मालकाने काढलेले कर्ज नव्या मालकाच्या गळ्यात पडते.

इमारतीचे रंगकाम बाकी होते, आणि आगाऊ भरलेल्या रकमेला बँकेची हमी घ्या, असे वकिलाने बजावले. १९६८ सालापासून तसा कायदाच होता. बांधकाम पुरे झाले नाही तर पैसे परत मिळावेत म्हणून. पण तेजीच्या काळात कितीकांनी ती हमी दिली नाही आणि घेणाऱ्यांनी मागितली नाही. आमच्याच ओळखीच्या एका इंग्लिश जोडप्याने शेजारच्या प्रकल्पात चाळीस हजार भरले होते. २००८ मध्ये बांधणारा बुडाला, उभे राहिले ते नुसते खांब. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये असे पैसे स्वीकारणाऱ्या बँकांनाही जबाबदार धरले, तेव्हा कुठे त्यांच्या पैशांचा मार्ग मोकळा झाला. तोवर त्यांतला नवरा राहिला नव्हता.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी ती हसतमुख तरुणी हळूच म्हणाली, की पंचवीस हजार रोख दिलेत तर खतात किंमत कमी दाखवता येईल, कर वाचेल, सगळे असेच करतात. नोटरी त्या वेळी काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जातात, असेही म्हणाली. मी भाषांतर करून सौ.ला सांगितले. ती हसायलाच लागली. "म्हणजे पुण्यातल्यासारखंच की!" तिच्या भावाने कर्वेनगरला फ्लॅट घेताना हेच सारे केले होते आणि विकताना कागदावरच्या किंमतीमुळे रडला होता. आम्ही पूर्ण १ लाख २८ हजार युरो खतात लिहायला लावले. त्यावर ७ टक्के मूल्यवर्धित कर, मुद्रांक, नोटरी, नोंदणी, वकील धरून दहा टक्क्यांच्या आसपास वरखर्च आला. लेस्टरचे घर विकले होते. उरलेल्यातले निम्मे लेकीला दिले, निम्मे बँकेत ठेवले. लेस्टरचे ते घर विकले ही आमची दुसरी चूक. पुढे परत घ्यायला गेलो असतो तर ते आमच्या आवाक्यात राहिले नव्हते.

पहिले वर्ष मात्र स्वप्नासारखे गेले. जानेवारी २००५ मध्ये आम्ही लेकीकडे होतो, मार्चमध्ये सामान घेऊन आलो ते थेट वसंतात. शुक्रवारचा बाजार म्हणजे सांगलीचा आठवडी बाजार. वांगी, टोमॅटो, लिंबे, ताजे लसूण, तोंडाने आरोळ्या. लिंबे तर इतकी स्वस्त की सौ.ने बरण्या भरभरून लोणची घातली. सोसायटीची सभाही थेट आपल्यासारखी. तिथल्या कायद्याने प्रत्येक इमारतीच्या मालकांची मंडळी असते, वर्षातून एकदा सभा होते आणि अध्यक्ष मालकांतूनच निवडावा लागतो. कुणीच तयार नसेल तर पाळीने किंवा चिठ्ठी टाकून. पहिल्याच सभेत तलावाच्या नळावरून नॉर्वेच्या माणसाचे आणि माद्रिदच्या माणसाचे असे काही जुंपले, की मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

वरच्या मजल्यावर एक स्पॅनिश विधवा बाई राहत. सत्तरीच्या. आम्ही त्यांना आजीच म्हणत असू. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता आणि सौ.ला स्पॅनिशचा. तरी दोघी जिन्यात अर्धा अर्धा तास बोलत. एकदा सौ.ने लिंबाचे लोणचे दिले, तर आजींनी ते चमच्याने खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढत तासभर हसत बसल्या.

मग डिसेंबर आला.

त्या किनाऱ्यावरची बहुतेक घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. खाली फरशी, वर उघडे छत, भिंती पातळ, खिडक्या एकेरी. इंग्लंडातल्यासारखी भिंतीत गरम पाण्याची व्यवस्था नसते. त्यात आमचे घर उत्तरेचे. बाहेर १७ अंश, लख्ख ऊन, लोक शर्टावर फिरताहेत. आणि घरात १३. फरशी तर अशी, की अनवाणी पाय ठेवला तर कळ डोक्यात जाई. न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. आम्ही नारिंगी रंगाच्या गॅसच्या टाकीवर चालणारी शेगडी आणली. साडेबारा किलोची ती टाकी तिकडे दारोदार येते. रोज पेटवली तर आठवडाभरही पुरत नाही. ती शेगडी पेटवली की खिडकी किलकिली ठेवावी लागे, आणि खिडकी उघडली की थंडी आत. सौ. म्हणायची, "लोक घराबाहेर पडताना स्वेटर घालतात, आपण बाहेर पडताना काढतो."

तिने कधी टोचून बोलून दाखवले नाही. पण जानेवारीत ती सकाळी अकरा वाजता पाटावर बसायला न्यावा तसा एक छोटा स्टूल उचलून इमारतीच्या मागच्या बाजूला जाई आणि दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसे. तिथेच तांदूळ निवडी, तिथेच पत्र लिही. त्या भिंतीमागे जे कुटुंब होते त्यांनी ते दुसरे घर सहा हजार जास्त देऊन घेतले होते.

दुसऱ्यांच्या अडचणी पाहिल्या की मला आमची चूक लहान वाटे. मोकळ्या रानात जमिनीसह घर घेतलेले लोक होते. व्हॅलेन्सिया प्रांताच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे एखादा विकासक, स्वतःची जमीन नसतानाही, त्या भागाची आखणी मांडू शके. मंजूर झाली की आतल्या मालकांना जमिनीचा काही भाग सोडावा लागे आणि वर रस्ते, गटारे यांचा खर्चही भरावा लागे. निवृत्त माणसांना हजारो युरोंची मागणीपत्रे आली. प्रकरण युरोपीय संसदेपर्यंत गेले. दक्षिणेकडे अल्मेरियात तर जानेवारी २००८ मध्ये एका वृद्ध ब्रिटिश जोडप्याचे घर यंत्र लावून पाडले. परवाना नगरपालिकेने दिला होता, वरच्या सरकारने तो बेकायदा ठरवला. त्याच वर्षी पौंड घसरला. आम्ही घर घेतले तेव्हा एका पौंडाला जवळपास दीड युरो मिळे. डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही जवळजवळ बरोबरीला आले. पेन्शन पौंडात आणि भाजी युरोत. बाजारात सौ. पुन्हा घासाघीस करू लागली, तीही आता स्पॅनिशमध्ये.

भाषा तिला आली, मला आली नाही. मी इंग्रजी वर्तमानपत्र, इंग्रजी चॅनेल, इंग्रजी शेजारी यांत रमलो. ती आजींकडे जाऊन बसे, मालिका पाही, आणि चार-पाच वर्षांत औषधाच्या दुकानात, बँकेत, पोस्टात तीच बोले. मी मागे उभा राहून पिशवी धरी. ही वाटणी किती धोक्याची आहे हे मला १६ जानेवारी २०१४ पर्यंत कळले नाही.

त्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरात घसरली. फरशी दमट होती, थंडीने पाय बधिर होते. खुब्याचे हाड मोडले. मी आणीबाणीचा क्रमांक फिरवला आणि मला पत्ता सांगता येईना. तिने तशा अवस्थेत, फरशीवर पडल्या पडल्या, माझ्या हातातून फोन घेऊन पत्ता सांगितला.

इस्पितळ स्वच्छ, डॉक्टर उत्तम. इंग्लंडच्या पेन्शनरांना एका ठरावीक फॉर्मवर तिथली सरकारी वैद्यकीय सेवा मिळते आणि खर्च इंग्लंड सोसते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा एक पैसा लागला नाही. पण पहिल्याच रात्री आठ वाजता परिचारिका माझ्याकडे बघून काहीतरी विचारू लागली. खाटेशेजारी एक मागे कलणारी खुर्ची होती, तिच्याकडे बोट दाखवत होती. सौ. गुंगीत होती. शेवटी एका तरुण डॉक्टराने इंग्रजीत सांगितले, "रात्री इथे कोण बसणार, असं ती विचारते आहे."

स्पेनच्या इस्पितळांत रोग्याजवळ घरचे माणूस असते, रात्रीसुद्धा. पाणी देणे, कुशीवर वळवणे, भरवणे, यांतले बरेच तेच करते. आम्हां मिरजेच्या माणसांना यात नवल काही नाही; आमच्या मिशन इस्पितळाच्या व्हरांड्यात स्टोव्ह घेऊन आलेली कुटुंबे बघत आम्ही वाढलो. पण सारे आयुष्य इंग्लंडात काढल्याने मी ते विसरलो होतो, आणि आमचे इंग्लिश शेजारी तर हादरूनच जात. शेजारच्या वॉर्डात यॉर्कशायरचे एक गृहस्थ होते. त्यांच्या खुर्चीत तीन रात्री कुणीच नव्हते. मुले इंग्लंडात. त्यांचे जेवणाचे ताट जसे आले तसे परत जाताना मी पाहिले.

मी ७४ वर्षांचा, मलाही मधुमेह. दोन रात्री बसलो, तिसऱ्या रात्री खुर्चीतच भोवळ आली. लेक निघाली होती पण धुक्यामुळे विमान रखडले. त्या रात्री साडेनऊला वरच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या. हातात शाल, विणकाम आणि डब्यात सूप. त्यांनी मला हाताने खूण करून घरी जा म्हटले आणि खुर्चीत बसल्या. पुढे नऊ रात्री त्या आणि त्यांची सून आळीपाळीने बसल्या. मी आभार मानू लागलो की सौ. म्हणे, "मानू नका, त्यांना राग येतो."

घरी आल्यावर ती काठी घेऊन हिंडू लागली. पण त्यानंतर आमच्या गप्पांचा विषय बदलला. तोवर आम्ही घराविषयी बोलत होतो. आता कोण कुठल्या खुर्चीत बसेल, यावर बोलू लागलो. इंग्लिश वस्तीतही हेच चाललेले दिसे. जोडपी येत, दहा-पंधरा वर्षे मजेत राहत आणि दोघांतले एक गेले की दुसरे सहा महिन्यांत घराला विक्रीची पाटी लावून परत जाई. पाटी लागली, की आत काय झाले ते वेगळे विचारावे लागत नसे.

सौ. ऑक्टोबर २०१८ मध्ये गेली. झोपेत, हृदयविकाराने. स्पेनमध्ये अंत्यसंस्कार फार लवकर होतात, एक-दोन दिवसांत. इंग्लंडात दोन-तीन आठवडे सहज जातात, म्हणून इंग्लिश मित्रांना ती घाई क्रूर वाटते. मला ती ओळखीची वाटली. लेक रात्रीच्या विमानाने पोचली. रात्रभर शवगृहाच्या खोलीत बसायची तिथे पद्धत आहे. आजींची सारी माणसे येऊन बसली. त्यांना कुणी बोलावले नव्हते. आजी आता ८६ वर्षांच्या होत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मला त्या काय बोलताहेत ते सगळे समजले.

त्यानंतरचे कागद. घर दोघांच्या नावे होते. इंग्लंडात नवरा-बायकोंच्या नावचे घर बहुधा मागे राहिलेल्याचे आपोआप होते. स्पेनमध्ये तिचा अर्धा हिस्सा वारसाने यावा लागतो. नोटरी, वारसाकर, नोंदणी. कर सहा महिन्यांत भरायचा असतो. आम्ही दोघांनी तिथे वेगळी मृत्युपत्रे करून, इंग्लंडचा कायदा लागू व्हावा असे त्यांत लिहिले होते. २०१५ पासून तशी सोय आहे. नाही तर स्पेनच्या कायद्याप्रमाणे मुलांचा मोठा हिस्सा राखीव असतो. तेवढी दक्षता घेऊनही आठ महिने गेले. आणि सारा पत्रव्यवहार स्पॅनिशमध्ये. मी एकेक पत्र घेऊन जिना चढून आजींच्या सुनेकडे जात असे.

१२ सप्टेंबर २०१९ रोजी त्या भागात आभाळ फाटले. तिथे वर्षभरात जेमतेम मुंबईच्या जुलैतल्या एखाद्या आठवड्याइतका पाऊस पडतो. तो कधी कधी शरद ऋतूत दोन दिवसांत येतो. सेगुरा नदीने काठ फोडला, रस्ते बंद, वीज गेली. दोन दिवस मी मेणबत्ती लावून एकटा बसलो होतो. मला भीती वाटली नाही. पण कुणाशी मराठीत एक वाक्य बोलावे असे फार वाटले. पाणी ओसरल्यावर मी लेकीला फोन करून सांगितले, की येतो.

खरे तर विक्रीची पाटी जुलैतच लावली होती. तेव्हा बेल्जियमचे एक जोडपे घर बघून गेले होते. साठीच्या आतबाहेरचे. बाहेर ३४ अंश तापलेले, आणि आमच्या घरात पाऊल टाकताच बाई म्हणाली, "अहाहा, किती गार!" नवरा गॅलरीत उभा राहिला. खाली तलाव चमकत होता. तो म्हणाला, हेच. एजंट माझ्याकडे पाहून मंद हसला. किंमत ९२ हजार सांगितली होती. पंधरा वर्षांपूर्वी दिले त्याहून ३६ हजारांनी कमी, आणि त्यांना ती मान्य होती.

बाईला संधिवात होता. ती खुर्चीवरून उठताना हाताने टेबलाचा आधार घेत होती, बोटे न वळवता, तळव्याने. ती लकब मला चांगली ठाऊक होती.

मी म्हणालो, "आत्ता काही ठरवू नका. जानेवारीत या. एक रात्र इथेच झोपा." एजंटाने डोळे वटारले. त्यांना वाटले म्हातारा भाव वाढवतो आहे. पण ते आले. १८ जानेवारी २०२० रोजी, शनिवारी. मी दिवसभर शेगडी पेटवली नव्हती. संध्याकाळी त्यांना किल्ली देऊन आजींच्या सुनेकडे झोपायला गेलो. सकाळी येऊन पाहतो तर दोघेही अंगात कोट घालून स्वयंपाकघरात कॉफीचे पेले हातांत धरून बसलेली. बाईने पायांत दोन जोड मोजे घातले होते.

मी त्यांना इमारतीच्या मागच्या बाजूला नेले. अकरा वाजत आले होते. सौ.चा तो छोटा स्टूल तिथेच भिंतीशी होता. बाई त्यावर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. नवरा मला म्हणाला, भिंतींना आतून अस्तर, दुहेरी काचा आणि गरम-गार हवेचे यंत्र, एवढे करावे लागेल. मी म्हटले, करावेच लागेल, आम्ही केले नाही. किती कमी करू? तो संकोचला. मीच आकडा सांगितला. सहा हजार.

८६ हजारांना खत झाले, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. मी लेस्टरला उतरलो आणि तीन आठवड्यांत स्पेनने सगळ्यांना घरात कोंडले. आजी त्यातून वाचल्या. पुढच्या हिवाळ्यात सुनेने फोटो पाठवला. त्यात आजी मागच्या भिंतीशी उन्हात बसल्या आहेत, त्याच स्टुलावर.

हे सारे मी पुतण्याला पाठवणार आहे. त्याचे तिकीट सप्टेंबरचे आहे, असे तो म्हणाला.